न पाहता घेतलेली ठेव

2023 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटी या गावाचे नाव महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात पोहोचले. तिथले मराठा आरक्षणाचे आंदोलन, त्याच्या मागण्या आणि त्यावरचे वाद यांवर भरपूर लिहिले गेले आहे. त्याच महिन्यात सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि निजामकालीन कागदपत्रांतल्या कुणबी नोंदी शोधायचे काम सुरू झाले. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे जुने दप्तर काही मोडीत, काही उर्दूत. कार्यालयांतले रुमाल सुटले, मोडी वाचणाऱ्या जाणकारांना मागणी आली आणि गावोगाव एकच चौकशी सुरू झाली, नोंद सापडली का? कुणाची सापडली, कुणाची नाही. घरातल्या म्हाताऱ्यांना चार पिढ्यांची नावे तोंडपाठ असून भागत नव्हते. कोणे एके काळी एखाद्या कारकुनाने बरूने ओढलेली एक ओळ दप्तरात आहे की नाही, सगळे त्यावर येऊन थांबले होते.

घडलेली, सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आणि नोंदलेली गोष्ट यांच्यामधले हे अंतर फार जुने आहे. धर्मशास्त्रकारांनी त्यावर डोके शिणवले, मीमांसकांनी शिणवले, संतांनी आपल्या परीने त्याची काळजी वाहिली. आज त्याच अंतराचा निवाडा प्रत्येक संगणकात आणि प्रत्येक मोबाइलमध्ये दर काही सेकंदांनी होत असतो. तो करते ऑपरेटिंग सिस्टीम. तिच्या हाती दिलेला मजकूर तिने डिस्कवर नेमका केव्हा उतरवावा? वरवर हा इंजिनिअरांचा प्रश्न आहे. पण त्याच्या पोटात दिलेला शब्द आणि सांभाळायला घेतलेली ठेव असे दोन अस्सल धर्मप्रश्न दडलेले आहेत, आणि ते गंभीरपणे घेण्याजोगे आहेत.

आधी आत काय चालते ते पाहू. तहसील कचेरीजवळच्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात एखादी मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज टाइप करून घेते. दुकानदार 'सेव्ह' वर क्लिक करतो. त्या प्रोग्रामने मजकूर ऑपरेटिंग सिस्टीमच्या हवाली केला, सिस्टीमने तो घेतला, आणि लगेच सांगितले, झाले. प्रत्यक्षात त्या क्षणी डिस्कवर एक अक्षरही उमटलेले नसते. मजकूर रॅममध्ये, म्हणजे वीज आहे तोवरच टिकणाऱ्या स्मृतीत, एका राखीव जागेत ठेवलेला असतो. या जागेला कॅश म्हणतात आणि अजून डिस्कवर न गेलेल्या तुकड्यांना 'डर्टी पेज'. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची नेहमीची मांडणी अशी आहे की दर 5 सेकंदांनी एक कामकरी जागा होतो, 30 सेकंदांपेक्षा जुनी झालेली डर्टी पेजेस शोधतो आणि डिस्ककडे रवाना करतो. अशी पेजेस उपलब्ध स्मृतीच्या 10 टक्क्यांवर गेली की तो 30 सेकंदांची वाट पाहत नाही. ती 20 टक्क्यांवर गेली तर लिहिणाऱ्या प्रोग्रामलाच थांबवून आधी बाकी उरकायला लावले जाते. तीस सेकंदांचा हा आकडा जुन्या युनिक्सपासून चालत आला आहे. तिथे 'अपडेट' नावाचा एक छोटा प्रोग्राम दर 30 सेकंदांनी सगळे साचलेले डिस्कवर उतरवायला सांगत असे.

एवढी चालढकल कशासाठी? कारण डिस्क मंद आहे, आणि तिचे मंदपण साधेसुधे नाही. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्याला 8.33 मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचक-सुईखाली यायची वाट पाहण्यातच सरासरी चारएक मिलिसेकंद जातात. रॅमला हाच निरोप साधारण 100 नॅनोसेकंदांत पोहोचतो. फरक चाळीस हजार पटींचा पडतो. प्रत्येक अक्षराला डिस्कची वाट पाहायची ठरवली तर संगणक वापरण्याजोगा राहणार नाही. नव्या एसएसडीमध्ये तबकडी नाही, वेग पुष्कळ वाढला. पण तिथली प्रत्येक पेशी ठरावीक वेळाच पुसता आणि लिहिता येते, म्हणून विनाकारण लिहिणे तिथेही परवडत नाही.

दुसरे कारण अधिक विचार करण्यासारखे आहे. 1985 मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी युनिक्सवरच्या खऱ्याखुऱ्या वापराची नोंद ठेवून अभ्यास केला. नव्याने लिहिलेल्या माहितीतली बरीचशी काही मिनिटांतच पुसली जाते किंवा तिच्यावर दुसरे काही लिहिले जाते, असे त्यांना आढळले. तात्पुरत्या फाइली, खोडलेली वाक्ये, बदललेले आकडे यांतले पुष्कळसे डिस्कपर्यंत न जाताच संपले तर कुणाचेही नुकसान नाही. थोडे थांबले की टिकणारे आणि न टिकणारे आपोआप वेगळे होते. तेव्हा उशीर हा आळस आहे असे समजणे चूक ठरेल. तो एक प्रकारचा विवेक आहे, आणि माणसाच्या मनातही हा विवेक चालतो. दिवसभरात कानावर पडलेले सगळे कुणी वहीत उतरवत बसत नाही.

धोका असतो तो विजेचा. 2005 नंतरच्या काही वर्षांत मराठवाड्याच्या ग्रामीण भागाने रोज कित्येक तासांचे भारनियमन सोसले. आजही जून लागला की वादळवाऱ्याने तार तुटते, रोहित्र जळते. इन्व्हर्टर नसलेल्या दुकानात पंखा थांबतो त्याच क्षणी रॅममधले सगळे जाते. तीस सेकंदांपूर्वी 'झाले' म्हणून सांगितलेले काम झालेलेच नव्हते, हे वीज परत आल्यावर कळते.

इथे एक जुने वचन आठवते. बृहस्पतीच्या नावावर असलेल्या या स्मृतिवचनाचा आशय असा, की सहा महिने उलटले की माणसांच्या मनात घोटाळा होऊ लागतो, म्हणून विधात्याने पूर्वीच अक्षरे निर्माण केली आणि ती पानावर चढवली. या वचनात लेखनाचे कारण माणसाच्या विस्मरणात शोधले आहे, आणि त्याहून विशेष म्हणजे विस्मरणाला मुदत घातली आहे. माणसाच्या स्मृतीला सहा महिने, संगणकाच्या स्मृतीला तीस सेकंद. दोन्हीकडे गृहीत एकच आहे. ज्या साधनात गोष्ट सध्या आहे ते साधन फसवे आहे हे मान्य करायचे, ते किती काळ भरवशाचे आहे याचा अंदाज बांधायचा आणि त्या काळाच्या आत दुसऱ्या, अधिक टिकाऊ साधनात ती उतरवायची. याज्ञवल्क्याने व्यवहारातली मानवी प्रमाणे सांगितली ती लिखित, भुक्ती आणि साक्षी ही तीन. लेख, वहिवाट आणि साक्षीदार. लेख त्यांत पहिला.

पण मुदत ठरवल्याने नैतिक प्रश्न सुटत नाही. तीसच्या जागी पाच सेकंद केले तरी चौथ्या सेकंदाला वीज जाऊ शकते. मग त्या नुकसानीची जबाबदारी कुणाची? इथे संगणकशास्त्राने गेल्या पन्नास वर्षांत जे उत्तर हळूहळू बांधले, त्याच्या फार जवळ जाणारे उत्तर याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात, ठेवींच्या प्रकरणात आहे.

तिथे एका खास प्रकारच्या ठेवीचा विचार केला आहे. एखाद्याने डब्यात वस्तू घातली, आत काय आहे ते सांगितले नाही, आणि तो डबा दुसऱ्याच्या हाती सोपवला. या ठेवीला औपनिधिक म्हणतात. घेणाऱ्याला आतले काही ठाऊक नाही. त्याने फक्त एक करायचे, जशी दिली तशीच परत करायची. ऑपरेटिंग सिस्टीमची स्थिती हुबेहूब हीच असते. तिच्या हाती येतात ते बाइट. त्यात मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज आहे, लग्नाचा फोटो आहे की क्षणात फेकून द्यायची तात्पुरती फाइल, हे तिला कळत नाही, कळायचे कारणही नाही. ती डबा उघडत नाही.

पुढे स्मृती जबाबदारीचा निवाडा करते. ही ठेव राजाने नेली, दैवाने गेली किंवा चोरांनी लांबवली, तर घेणाऱ्याकडून ती भरून घेऊ नये. मात्र ठेवणाऱ्याने मागितली असताना याने दिली नाही आणि त्यानंतर ती नष्ट झाली, तर तिची भरपाई याच्याकडून घ्यावी, वर तेवढाच दंडही करावा. आग लागली असेल, पूर आला असेल, ती सबब आता चालत नाही. मागणी झाल्या क्षणापासून दैवाचा भार घेणाऱ्याच्या डोक्यावर येतो. अकराव्या-बाराव्या शतकाच्या संधीवर, चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या राजवटीत, कल्याणी म्हणजे आजच्या बसवकल्याणला विज्ञानेश्वराने या स्मृतीवर मिताक्षरा टीका लिहिली. पुढे मुंबई उच्च न्यायालयात हिंदू कायद्याचे निवाडे ज्या ग्रंथांच्या आधारे झाले त्यांत मिताक्षरा अग्रभागी होती. म्हणजे हा विचार पोथीत पडून राहिलेला नव्हता, या मुलखाने त्यावर व्यवहार केलेला आहे.

संगणकात ही 'मागणी' करायची सोय आहे. तिचे नाव एफसिंक. प्रोग्राम एफसिंक म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ असा की या फाइलचे जे काही तुझ्याकडे आहे ते आता डिस्कवर उतरव, आणि उतरल्याशिवाय मला उत्तर देऊ नकोस. याज्ञवल्क्य स्मृतीतली मागणी वस्तू परत मिळण्याची असते, इथली मागणी ती पक्क्या जागी पोहोचण्याची. हा भेद मान्य केला तरी न्याय तोच लागू पडतो. एफसिंक न करता वीज गेली आणि मजकूर बुडाला तर ते दैव. एफसिंक झाले, सिस्टीमने 'उतरले' म्हणून उत्तर दिले आणि नंतर मजकूर सापडला नाही, तर दोष सिस्टीमचा, आणि त्यातून पळवाट नाही. उशिराची मुभा आणि उत्तराची जबाबदारी या दोन गोष्टी इतक्या स्वच्छपणे वेगळ्या केल्यावर मूळ प्रश्नातला निम्मा गुंता सुटतो. कधी लिहावे हे सिस्टीमने आपल्या सोयीने ठरवावे. लिहिले असे कधी म्हणावे, यात मात्र तिला सोय नाही.

उरलेला निम्मा गुंता कठीण आहे, कारण खऱ्या जगात मागणाराही चुकतो आणि ठेव घेणाराही.

2009 च्या सुरुवातीची गोष्ट. लिनक्समध्ये एक्स्ट4 ही नवी फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची व्यवस्था, नुकतीच वापरात येत होती. उबुंटूच्या चाचणी आवृत्तीवर काम करणाऱ्यांचा संगणक मध्येच बंद पडला की परत सुरू झाल्यावर त्यांच्या कितीतरी फाइली शून्य लांबीच्या निघत. नाव शाबूत, आत काही नाही. आधीची एक्स्ट3 साधारण दर 5 सेकंदांनी मजकूर आणि त्याची नोंद क्रमाने उतरवत असे, त्यामुळे निष्काळजी प्रोग्रामही निभावून जात. एक्स्ट4 ने वेगासाठी मजकुराला डिस्कवर जागा देण्याचे कामच पुढे ढकलले. प्रोग्राम जुनी फाइल रिकामी करून तीत नवा मजकूर लिहीत. रिकामी केल्याची नोंद आधी उतरायची, मजकूर मागे राहायचा, आणि वीज नेमकी मधे जायची. जुनेही गेले, नवेही नाही.

एक्स्ट4 चे प्रमुख थिओडोर त्सो यांची भूमिका अशी की प्रमाणित नियमांप्रमाणे प्रोग्रामांनी एफसिंक करायला हवे होते, ते त्यांनी केले नाही. नियमाने ते बरोबर होते. याज्ञवल्क्याच्या न्यायानेही बरोबर होते, कारण मागणीच झाली नव्हती. तरीही त्यांनी लिनक्सच्या 2.6.30 आवृत्तीत अशी तजवीज केली की जुन्या फाइलच्या जागी नवी ठेवली जात असेल तर मजकूर लवकर उतरवला जावा. या कृतीचे मोल मोठे आहे. हक्क आपल्या बाजूने असताना समोरच्याच्या अज्ञानाचे नुकसान होऊ न देणे, याला आपल्याकडे कायद्याहून वरची जागा आहे. शिवाय दुकानात बसलेल्या त्या मुलीने एफसिंक हे नाव कधी ऐकलेले नसते. तिच्या वतीने मागणी करण्याचे काम प्रोग्राम लिहिणाऱ्याने स्वीकारलेले असते, आणि त्याने ते टाळले तर शिक्षा तिला होते. ज्याची चूक त्यालाच भोग, हा न्याय इथे चालतच नाही.

मग प्रत्येक प्रोग्रामने सतत एफसिंक करत राहावे काय? तेही करून पाहिले गेले आहे. 2008 मध्ये फायरफॉक्स 3 आले. पाहिलेल्या पानांचा इतिहास ते एका छोट्या डेटाबेसमध्ये ठेवी आणि वारंवार एफसिंक करी. एक्स्ट3 ची रचना अशी होती की एका फाइलसाठी केलेल्या मागणीपायी साचलेले इतर सगळेही उतरवावे लागे. शेजारी मोठी फाइल कॉपी होत असेल तर ब्राउझर काही सेकंद गोठून जाई. एकाच्या अतिसावधपणाचा भुर्दंड सगळ्या शेजाऱ्यांना. सावधपणातही तारतम्य लागते ते यासाठी.

सर्वांत अस्वस्थ करणारे प्रकरण 2018 चे आहे. पोस्टग्रेएसक्यूएल हा जगभर विश्वासाने वापरला जाणारा डेटाबेस, कार्यालयांचे आणि कंपन्यांचे हिशेब त्यावर चालतात. त्याची समजूत अशी होती की एफसिंक अपयशी झाले तर सिस्टीम चूक कळवील, मग आपण पुन्हा मागणी करू, आणि दुसऱ्यांदा होकार आला म्हणजे मजकूर उतरला. लिनक्स प्रत्यक्षात वेगळेच करत होते. डिस्कवर लिहिणे फसले की ते चूक एकदा कळवी, आणि त्या पानावरची 'डर्टी' ही खूण काढून टाकी. आता सिस्टीमच्या लेखी उतरवण्याजोगे काही शिल्लकच नसे. साहजिकच दुसऱ्या मागणीला ती बिनदिक्कत होकार देई. पहिली चूक भलत्याच प्रोग्रामच्या कानावर गेली तर डेटाबेसला ती कळतही नसे. वीसएक वर्षे हा डेटाबेस या समजुतीवर चालला होता.

लिनक्सच्या बाजूने सांगितलेले कारण पोकळ नव्हते. बिघडलेल्या किंवा उपटून काढलेल्या पेन ड्राइव्हसाठीची पाने सिस्टीम कायमची धरून बसली तर स्मृती भरून जाईल आणि सगळा संगणकच अडेल. कारण खरे असले तरी त्याने होकाराचे समर्थन होत नाही. लिहिता आले नाही, हे दैव असू शकते. ते विसरून जाऊन पुढच्या प्रश्नाला 'उतरले' म्हणणे हे दैवाच्या खात्यावर टाकता येणार नाही. याज्ञवल्क्य स्मृतीने ठेवीइतकाच दंड सांगितला तो अशाच वर्तनासाठी. 2019 च्या फेब्रुवारीत पोस्टग्रेएसक्यूएलने आपला मार्ग बदलला. एफसिंक फसले की डेटाबेस आता पुन्हा मागणी करत बसत नाही. तो स्वतःला तिथल्या तिथे बंद पाडतो, आणि परत उठल्यावर आपल्या रोजकीर्दीवरून सगळे नव्याने उभे करतो.

या रोजकीर्दीत एक सुंदर कल्पना आहे आणि ती मीमांसेच्या एका जुन्या पेचाची आठवण करून देते. यज्ञ केला, तो संपला, आणि फळ मिळायचे ते कैक वर्षांनी. कर्म तर क्षणात नाहीसे झाले, मग त्याला फळाशी जोडून कोण ठेवते? शबर आणि कुमारिल यांच्या परंपरेने 'अपूर्व' मानले. कर्मातून उपजणारी, डोळ्यांना न दिसणारी एक शक्ती, जी मधल्या काळात तग धरून राहते. मीमांसकांनी देवाच्या स्मरणशक्तीवर भिस्त ठेवली नाही, मधल्या काळाची काही ना काही सोय असलीच पाहिजे असा आग्रह धरला. डेटाबेसवाल्यांचा आग्रह तोच आहे. मोठे फेरबदल मूळ जागी सावकाश होऊ देत, पण काय करायचे ठरले आहे त्याची एक आटोपशीर ओळ आधी रोजकीर्दीत लिहा, ती ओळ डिस्कवर पक्की करा, मगच व्यवहार झाला म्हणा. मधे वीज गेली तर ती ओळ पुढचे काम पुरे करवून घेते. फरक एवढाच, की अपूर्व अदृश्य आहे आणि ही ओळ उघडून वाचता येते.

होकाराचा प्रश्न डिस्कच्या दारातही संपत नाही, कारण डिस्कच्या आत तिची स्वतःची छोटी कॅश असते. मॅकवर साधे एफसिंक मजकूर डिस्कपर्यंत नेते, पण आतल्या कॅशमधून कायमच्या जागी उतरल्याची हमी देत नाही. त्यासाठी वेगळी आज्ञा द्यावी लागते, आणि हे अॅपलने आपल्या कागदपत्रांत लिहून ठेवले आहे. महागड्या एसएसडीत कपॅसिटर बसवलेले असतात. वीज गेली तरी त्यांत साठलेल्या विजेवर हातातले काम उरकता येते. एकावर एक अशा अनेकांच्या हातून ठेव जाते, आणि त्यांतल्या एकाने खोटा होकार दिला की वरच्या सगळ्यांचा खरा होकारही खोटा ठरतो.

अंबडच्या परिसराचा या विषयावर आणखी एक अधिकार आहे. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आज घनसावंगी तालुक्यात येते, पूर्वी ते अंबड तालुक्यात होते. 1608 साली तिथे जन्मलेल्या या माणसाने लेखनाकडे साधना म्हणून पाहिले. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे, आणि ब्रह्मज्ञानाच्या ग्रंथात त्याचे असणे विचार करायला लावते. त्यात उपदेश मोघम नाही. पान आधी शिशाने आखून घ्यावे. ओळीला ओळ भिडू नये, वरच्या ओळीतले अक्षर खालच्या ओळीला शिवू नये. पहिले अक्षर जसे काढले तसेच ग्रंथ संपेपर्यंत यावे, सगळे एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे. तरुणपणी डोळे चांगले आहेत म्हणून फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते उपयोगाला येत नाही. देशोदेशीचे बरू जमवावेत. पुस्तकाला मेणकापड असावे, पेटी असावी, पेटीला कुलूप असावे.

यातली एक सूचना विलक्षण आहे. पानाच्या चारही बाजूंना जागा मोकळी सोडावी आणि मजकूर मधोमध लिहावा, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही. कागद झडणार हे समर्थांनी धरूनच चाललेले आहे. माध्यम आज ना उद्या दगा देणार, तो कुठून सुरू होणार हे ओळखायचे आणि तेवढा भाग रिकामा ठेवून पहिला घाव त्यावर घ्यायचा. टिकाऊपणाची इतकी डोळस कल्पना आजच्या अनेक सॉफ्टवेअर कंपन्यांच्या गावीही नसते. आणि ती फळलीही. कल्याणस्वामींच्या हातची, समर्थांनी स्वतः दुरुस्त केल्याचे संप्रदायात मानले जाते अशी दासबोधाची प्रत डोमगावच्या मठात राहिली, आणि धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांना दासबोध छापताना तिचा आधार घेता आला.

प्रत हरवली तर काय होते, हेही मराठीने अनुभवले आहे. चक्रधरस्वामींच्या लीळा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी त्या प्रत्यक्ष पाहिलेल्यांकडे हिंडून गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. पुढे खलजी फौजांच्या धामधुमीत मूळ लीळाचरित्र गेले, असे परंपरा सांगते. मग शिष्यांनी ते पाठांतरातून पुन्हा उभे केले. हिराइसेसारख्या स्मरणशक्तीच्या धनी स्त्रीचा पाठ आजही तिच्या नावाने ओळखला जातो. पण प्रत्येकाची आठवण थोडी निराळी, म्हणून पाठही अनेक झाले, आणि कोणती लीळा मुळात कशी होती याचा खल अभ्यासक आजवर करत आहेत. पैठणला एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला तो अशाच फाटाफुटीला आळा घालण्यासाठी. माणसाच्या स्मृतीची थोरवी अशी की ती गेलेला ग्रंथ मोडकातोडका का होईना परत आणते. रॅममधून वीज गेल्यावर मोडके-तोडकेही परत येत नाही. म्हणून रॅमच्या मालकाला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमला, विलंबाची मुभा माणसापेक्षा कितीतरी कमी असली पाहिजे, विशेषतः त्याच्या हाती दुसऱ्याचे काही असेल तेव्हा.

सामान्य माणसाला हे समजणार नाही, त्याला 'सेव्ह झाले' एवढेच दाखवावे, असा एक विचार सॉफ्टवेअर करणाऱ्यांत रूढ आहे. अंबडच्या बाजारात आलेल्या कुठल्याही शेतकऱ्याशी बोलले तर हा विचार टिकत नाही. जमीन खरेदी केली, वारसांची नावे लावायची आहेत, तर तलाठी आधी फेरफाराच्या नोंदवहीत, गाव नमुना 6 मध्ये, नोंद धरतो. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी 15 दिवस दिले जातात. त्यानंतर मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतात आणि मग तिचा अंमल सातबाऱ्यावर येतो. नोंद धरली आणि नोंद मंजूर झाली, यांतला फरक शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही पक्का ठाऊक असतो. धरलेल्या नोंदीच्या भरवशावर तो कुणाला पैसे मोजून देत नाही. व्हॉट्सअॅपनेही एक टिक आणि दोन टिक असा भेद ठेवला, निरोप कंपनीच्या सर्व्हरवर गेला की समोरच्याच्या फोनवर पोहोचला हे त्यातून कळते, आणि गावोगाव लोकांनी तो विनातक्रार आत्मसात केला.

शिष्यवृत्तीचे, पीक विम्याचे, रेशनचे, दाखल्यांचे अर्ज ज्या पडद्यांवर भरले जातात तिथे निदान हा भेद दिसायला हवा. अर्ज मिळाला ही एक स्थिती, अर्ज पक्का नोंदला गेला ही दुसरी, आणि नोंदवता आला नाही ही तिसरी. अर्जाचा क्रमांक आणि पावती दुसऱ्या स्थितीतच निघावी, खालच्या डिस्कचा खरा होकार आल्यानंतर. तो होकार आला नाही तर पडद्याने गप्प बसू नये की खोटी हिरवी खूण दाखवू नये. तुमचा अर्ज जतन झालेला नाही, पुन्हा भरावा लागेल, असे त्याने दुकानात बसलेल्या त्या मुलीला तिथेच, तिच्या भाषेत, शेवटची तारीख उलटण्याआधी सांगावे.